अळिंबीच्या कपाटातील ऊब आणि वारा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत मांजरसुंबा येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला एखादा भारदस्त विषय असावा, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु चिटणीसबाईंनी मला जो विषय नेमून दिला तो एका कपाटाचा आहे, आणि तो नेमण्यामागे कारणही तसेच आहे. आपल्यापैकी काही घरांत गेल्या दिवाळीनंतर अळिंबीची कपाटे आली. पहिला तोडा हौसेने निघाला, शेजारीपाजारी वाटला गेला, चौफुलीवरच्या एका ढाब्यानेही घेतला. पुढे चैत्र लागला आणि त्याच कपाटांतल्या पिशव्या हिरव्या-काळ्या पडून उकिरड्यावर गेल्या. बचत गटाचे कर्ज मात्र उकिरड्यावर टाकता येत नाही. तेव्हा कपाटात काय बिघडले, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ज्यांच्या घरी हा प्रकार अजून आलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. धिंगरी नावाची ही अळिंबी गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर येते. काड रात्रभर भिजवून, गरम पाण्यात शिजवल्यासारखे करून, निथळून, बियाण्याचे थर देत प्लास्टिकच्या पिशवीत भरावयाचे. पंधरा-अठरा दिवसांत ते पांढऱ्या जाळ्याने भरून जाते. मग पिशवी फाडून काढावयाची आणि पाणी शिंपडावयाचे, की चार-पाच दिवसांत कळ्या दिसू लागतात. आपल्या देशात हिचे शास्त्रशुद्ध प्रयोग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले. झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवून दाखविली. ती खाणे शाकाहारात बसते की नाही, हा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो. ती वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही, तिचे कूळच निराळे. एवढे सांगून मी तो ज्याच्या त्याच्या घरावर सोपविते.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे धिंगरी जवळजवळ आपली आपण येते. पण थंडीत गावात असते कोण? दिवाळी झाली की निम्मी घरे कोयते बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. बाया परततात त्या होळीच्या किंवा पाडव्याच्या सुमारास, म्हणजे नेमक्या उन्हाच्या तोंडावर. मागे राहिलेल्यांना थंडीचा हंगाम सापडतो आणि ऊसतोडीहून आलेल्यांना झळांचा. म्हणून ऊब आणि वारा यांचा हा प्रश्न शहरातल्या हौशी माणसाला नसेल एवढा आपल्याला आहे. जिला तिच्या पैशाची गरज सर्वांत अधिक, तिच्या वाट्याला वर्षातले सर्वांत अवघड महिने येतात.

कपाटाला ऊब दोन बाजूंनी येते. बाहेरून येणारी आपल्याला ठाऊकच आहे. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता काय होते, ते तुम्हांला मी सांगावयास नको. आतून येणारी ऊब मात्र ध्यानात येत नाही. आंब्याची आढी घातली की चार दिवसांनी हात घालून पाहा, पेंढा कोमट लागतो. ओला कडबा गंजीला लावला तर गंजी आतून तापते, हे प्रत्येक शेतकरणीला माहीत आहे. अळिंबीची पिशवी हीदेखील एक लहानशी गंजीच होय. पांढरे जाळे काड खात असते आणि खाता खाता ऊब सोडीत असते. त्यामुळे पिशवीच्या पोटातले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही अधिक असते. खोलीतील काटा २८ अंश दाखवितो म्हणून बाई निश्चिंत असते आणि पिशवीच्या पोटात ३२-३३ झालेले असतात. धिंगरीला २० ते २८ अंश मानवतात. तिशीच्या वर तिची वाढ मंदावते, आणि हिरव्या बुरशीला तर तेच हवे असते. म्हणून काचेचा तापमापक भिंतीला टांगून न ठेवता पिशवीच्या एका छिद्रातून पोटात खुपसून पाहावा. एका कपाटाला एक तापमापक पुरतो. मंडळाने तो विकत घेऊन घरोघर फिरवला तरी चालेल.

दुसरी गोष्ट श्वासाची. अळिंबीला हिरवा रंग नाही, ऊन तिच्या कामाचे नाही. ती तुमच्या-माझ्यासारखीच चांगली हवा घेते आणि वाईट हवा सोडते. हे मी एका घरी समजावून सांगत होते, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, "म्हंजी ह्ये तर पेवावाणीच झालं की, बाई!" मला त्यांचे म्हणणे फार पटले. ज्यांच्या माहेरी ज्वारीची पेवे होती त्यांना आठवत असेल. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे. तोंड मोकळे करून ते बराच वेळ तसेच ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडीत. कंदील विझला तर माणसाने उतरावयाचे नाही. मुकी दिसणारी ज्वारीसुद्धा आत श्वास घेते आणि बंद जागेतली हवा विषारी करून ठेवते. तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी जोराने श्वास घेणारी वस्तू आपण कपाटात कोंडतो आणि वर दार घट्ट लावतो!

आपल्या उच्छ्वासातला जो वायू, कार्बन डायऑक्साइड, तो मोकळ्या हवेत दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. कळ्या धरू लागल्यावर कपाटात तो हजाराच्या आत असावा. हे मोजण्याची यंत्रे मिळतात, पण त्यांची आवश्यकता नाही, कारण अळिंबी स्वतःच सांगते. दांडा लांबलचक आणि वर टोपी शर्टाच्या गुंडीएवढी, असे दिसले की समजावे, तिला हवा पुरत नाही. ती मान उंच करून हवा शोधते आहे. उलट टोपीच्या कडा पिवळ्या पडून तडकल्या असतील तर वारा फार आणि ओल कमी. पहिल्या पंधरा-अठरा दिवसांत, जाळे पसरत असताना, हा वायू तिला फारसा बाधत नाही. त्या काळात वारा हवा तो पोटातली ऊब काढून नेण्यापुरता. दोन अवस्थांच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि एकाच कपाटात जुन्या-नव्या पिशव्या शेजारी शेजारी ठेवल्या की दोघींचेही हाल होतात.

येथवर आले म्हणजे हमखास प्रश्न येतो : "ताई, दार उघडलं तर ओल जाते, लावलं तर गुदमरतं. करावं काय?" चैत्रातल्या नुकसानीचे मूळ मला याच कोंडीत दिसते. ऊन वाढले की बाया कपाट अधिक घट्ट बंद करतात आणि वरून ओली पोती टाकतात. पहिला तासभर गारवा लागतो. पुढे मात्र आतली हवा वाफेने भरून जाते, पोत्यातले पाणी वाळेनासे होते, आणि जे पाणी वाळत नाही ते गारही करीत नाही. पोते ओले असूनही कपाट तापते. बाईला वाटते पाणी कमी पडले. ती आणखी ओतते. आत ओली, उबदार, कोंदट हवा, म्हणजे हिरव्या बुरशीचे माहेर तयार झालेले असते.

माठातले पाणी गार होते ते झिरपलेले पाणी वाऱ्याने वाळते म्हणून. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढून नेते, तेवढ्या उष्णतेत साधारण साडेसात लिटर गार पाण्याला उकळी आणता येईल. चुलीशी उभ्या राहणाऱ्या बाईला यातली शक्ती वेगळी सांगावयास नको. पण माठ कधी कोणी पेटीत ठेवतो काय? आपण तो खिडकीपाशी, येत्या वाऱ्याला ठेवतो. कपाटालाही तोच न्याय लावावयाचा. आत येणारा वारा ओल्या पोत्यातून यावा आणि वापरलेला वारा दुसऱ्या वाटेने बाहेर जावा. दार बंद करून गारवा मिळत नाही, कारण गारवा वाऱ्यावरच स्वार होऊन येतो.

हा वारा कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने जातो, याविषयी पुस्तकांतून एक ठराविक वाक्य असते की गरम हवा वर जाते, सबब खालचे भोक येण्याचे आणि वरचे भोक जाण्याचे. थंडीत ते अगदी खरे आहे. खोली गार असते, पिशव्या उबदार असतात, आणि कपाट एखाद्या लहानशा धुराड्यासारखे चालते. पण उन्हाळ्यात ओल्या पोत्यामुळे कपाट खोलीपेक्षा गार झाले म्हणजे हाच प्रवाह उलटतो. गार हवा जड. ती तळाच्या भोकातून बाहेर सांडते आणि नवी हवा वरच्या भोकातून आत ओढली जाते. आता ज्या बाईने पोते खालच्या भोकाला बांधले असेल तिच्या कपाटात वरून बाहेरची कोरडी, तापलेली हवा शिरत राहते, आणि ओल्या पोत्यातला गारवा जमिनीवर वाहून जातो.

हे ओळखावयाचे कसे? देवघरातली एक उदबत्ती घ्या. पंखा बंद करा, खोलीचे दार लोटून घ्या, आणि पेटवलेली उदबत्ती आधी खालच्या आणि मग वरच्या भोकाशी धरा. धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो, ते डोळ्यांना दिसेल. तो कोठेच जात नसेल, सरळ वर चढत असेल, तर कपाट श्वासच घेत नाही असे समजा. ही परीक्षा सकाळी एकदा आणि दुपारी तीन वाजता एकदा करावी. दोन वेळी उत्तर वेगळे आले तर नवल मानू नका. ज्या भोकाशी धूर आत जातो तेथे ओले पोते लावावयाचे. दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याला वीज लागत नाही. पॅरिस शहराखालच्या दगडाच्या जुन्या खाणींतून गेल्याच्या आधीच्या शतकात अळिंबी पिकवीत. खालचा गारवा आयता मिळे, तरी तेथेही वारा खेळावा म्हणून वरपर्यंत झरोके ठेवावे लागत.

ओल्या पोत्याची शक्ती ऋतूप्रमाणे बदलते. चैत्र-वैशाखात बाहेर ४० अंश असून हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २१ अंशांच्या जवळपास उतरतो. पोत्याचे काम कधीच पुरते होत नाही, तेव्हा कपाटात २६-२७ मिळाले तरी पुष्कळ. पण श्रावणात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना तोच ओला तापमापक २७ च्या खाली जात नाही. त्या दिवसांत पोती ओली करणे हा निव्वळ कामाचा खोळंबा आहे. पावसाळ्यात नुसता वारा खेळवावा. ज्यांना दोन तापमापक घेता येतील त्यांनी एकाच्या बुडाला ओली वात गुंडाळून ते शेजारी शेजारी टांगावे. दोहोंतले अंतर मोठे असेल त्या दिवशी पोत्यावर पाणी घालण्यात अर्थ आहे.

पाणी घालण्याची एक चांगली रीत मी एका घरी पाहिली. महादेवाच्या पिंडीवर जशी गळती टांगतात, तसे बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके वरच्या पोत्यावर टांगलेले होते. थेंब थेंब पाणी पडे, आणि खाली ठेवलेल्या घमेल्यात जमलेले पाणी संध्याकाळी पुन्हा मडक्यात जाई. दिवसाला अर्ध्या कळशीत भागत होते. तरीही एक स्पष्ट सांगते. ज्या घरी वैशाखात पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या घरी कपाट पावसाळ्यापर्यंत रिकामे ठेवावे. त्यात काही कमीपणा नाही.

आता कपाटाविषयी. ते सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल असावे. लोखंडी कपाट घेऊ नये. त्याला आतून घाम फुटतो आणि ते थेंब कळ्यांवर पडून त्या सडतात. बांबूचा किंवा लाकडी सांगाडा, बाजूंना पोत्याचे पडदे, आणि फळ्यांच्या जागी तारेची जाळी, म्हणजे वारा वरून खाली सुटा फिरतो. वर दोन आणि खाली दोन, वीतभर रुंदीची भोके. त्यांवर बारीक जाळी, नाहीतर चिलटे शिरतात. अशा कपाटात तीन कप्प्यांत मिळून सहाच पिशव्या ठेवाव्या. बारा मावतात हे मला ठाऊक आहे, आणि मावतात म्हणूनच ठेवल्या जातात. पण दोन पिशव्यांमध्ये चार-पाच इंचांची मोकळी जागा नसेल तर पोटातली ऊब एकीकडून निघून दुसरीच्या पोटात शिरते. एक किलो कोरड्या काडाच्या सहा पिशव्यांतून दीड महिन्यात सारे तोडे मिळून चार-साडेचार किलो अळिंबी निघाली तर ते चांगले पीक समजावे. याहून मोठे आकडे कोणी सांगत असेल तर त्याच्याजवळ विकावयाला काय आहे, ते आधी पाहावे.

कपाट ठेवावयाचे ते माळवदाच्या जुन्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी. पत्र्याखाली ठेवणे भागच असेल तर पत्र्यावर तुराट्यांचा जाड थर घालावा. चैत्रात आपल्या या बालाघाटच्या माळावर दुपार आणि पहाट यांत पंधराएक अंशांचे अंतर पडते, त्याचाही लाभ घ्यावा. रात्री दहानंतर पडदे वर करून पहाटेपर्यंत वारा आत खेळू द्यावा, तळाशी पाण्याने भरलेली दोन मडकी ठेवावी. ती रात्री गार होतात आणि दुपारपर्यंत गारवा धरून ठेवतात. ज्यांच्याकडे जुन्या संगणकातला छोटा पंखा मिळेल त्यांनी तो वारा बाहेर जाण्याच्या भोकावर, तोंड बाहेर करून बसवावा आणि तासातून दहा मिनिटे चालवावा. कळ्यांवर सरळ वारा सोडू नये. वीज गेली तरी कपाट अडू नये, अशीच मुळात त्याची रचना असावी. पंख्याला पाहुणा समजावे.

एक गोष्ट मात्र कृपा करून नीट ऐका. हा वारा आपल्या छातीसाठीही हवा आहे. अळिंबीची टोपी पूर्ण उलगडली, कडा वर वळल्या, की तिच्यातून पिठासारखे बारीक बीजकण सुटतात. कपाटाखालच्या फरशीवर सकाळी पांढरट धूळ दिसते, ती तीच. बंद खोलीत ती रोज श्वासाबरोबर आत गेली की काही जणींना कोरडा खोकला, संध्याकाळची कणकण, जिना चढताना धाप असा त्रास सुरू होतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील अळिंबीच्या कामगारांमध्ये असा विकार १९५९ साली वैद्यांनी नोंदवला. तो मुख्यतः खताच्या धुळीचा होता. धिंगरीच्या बीजकणांनीही तसा विकार जडतो, हे पुढे दिसून आले. आपल्याकडे बाईला खोकला झाला की चुलीवर ढकलतात, नाहीतर वयावर. तेव्हा ज्या खोलीत लेकरे निजतात तेथे कपाट ठेवू नये. कपाटातून निघणारा वारा खोलीत न सोडता खिडकीबाहेर काढावा. टोपीच्या कडा खाली वळलेल्या असतानाच तोडा करावा. त्या वेळी मालही टिकाऊ असतो आणि भावही बरा येतो. तोडताना नाकातोंडाला पदर पुरत नाही, नीट मास्क बांधावा. दम्याचा त्रास असलेल्या बाईने हे काम अंगावर घेऊ नये. तिने काड चिरावे, हिशेब ठेवावा, विक्री सांभाळावी. तोडणीच्या दिवसांत खोकला सुरू झाला आणि गावाला गेल्यावर थांबला, तर डॉक्टरांना "मी अळिंबी पिकवते" हे आवर्जून सांगावे. आपण सांगितल्याखेरीज त्यांच्या ते ध्यानात येण्याचा संभव थोडा.

राहता राहिला वैशाख. माझे मत असे, की पंचेचाळीस अंशांकडे झुकणाऱ्या दिवसांत धिंगरीचा हट्ट धरू नये. दुधी अळिंबी म्हणून एक निराळी जात आहे. तिचे वर्णन १९७४ साली बंगालमध्ये झाले आणि पुढे कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने तिच्या लागवडीची रीत बसवली. हिला ३० ते ३५ अंशच मानवतात. म्हणजे जेथे धिंगरी मान टाकते तेथे ही पोसते. पिशवी भरल्यावर हिच्यावर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो, वाट थोडी अधिक पाहावी लागते, पण तोडल्यावर ती धिंगरीपेक्षा जास्त दिवस टिकते. ऊसतोडीहून परतणाऱ्या भगिनींनी पाडव्याला हिच्यापासून आरंभ करावा आणि धिंगरी मृगानंतर धरावी, असे मी सुचवीन. ओल आणि वारा यांचे जे नियम सांगितले ते हिलाही तसेच लागू आहेत; फक्त पोत्यावरचे ओझे पाच-सहा अंशांनी हलके होते.

प्रशिक्षणाची चौकशी अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबीचा प्रकल्प आहे. बियाणे दुरून आणावयाचे असेल तर रात्रीच्या एसटीने आणावे आणि पिशवी मांडीवर, ओल्या पंचात सैल गुंडाळून ठेवावी. इंजिनाजवळ किंवा सामानाच्या कप्प्यात ती टाकू नये. बियाणेही जिवंत असते, त्यालाही ऊब लागते आणि त्यालाही श्वास घ्यावयाचा असतो. घरी आल्यावर पिशवी नाकाशी धरून पाहावी. ताज्या पिठासारखा वास आला तर ते चांगले आहे. आंबूस आला तर त्याच्यासाठी काड भिजत घालू नये.